आठ दहाची मोलगी

सुपडूआप्पांनी तळोद्याच्या स्टँडसमोर, अमृतच्या चहाच्या टपरीवर, पंधरावीस माणसांच्या देखत जाहीर केलं की सोमवारपासून करमसिंगची मोलगी गावाला जाणारी जीप बरोबर आठ वाजून दहा मिनिटांनी सुटेल. नऊ मिनिटांनी नाही, अकरा मिनिटांनी नाही. भरलेली असो की रिकामी असो! तसा वेळेचा बोर्डही त्यांनी स्टँडवर ठोकला होता.

लोक पोट धरून हसले. आता यात हसण्यासारखं काय, असं परक्या माणसाला वाटेल. पण आपल्याकडे काळी-पिवळी घड्याळावर सुटत नाही, माणसांवर सुटते. बारा सीट झाल्या की ती हलते, आणि अकरा झाल्या की ड्रायव्हर बाराव्याची वाट बघत चहा प्यायला जातो. खुद्द आप्पांच्या लग्नात नवरदेवाची जीप एका सीटसाठी पाऊण तास उभी होती. मुहूर्त टळला, आणि रुक्मिणीबाई तेव्हापासून घरात जे काही बिघडेल त्याचं खापर त्या पाऊण तासावर फोडत आल्या आहेत.

अमृतनं किटली खाली ठेवली.

"आप्पा, सात दिन ती येळवर निंघनी, तं तुम्हना फ्रान्सना फोटो मी मन्ही टपरीवर लावसू. पन एक दिन जरी थांबनी, तं तो टाइमना बोर्ड तुम्ही सोता काढाना. आनि फ्रान्सनं नाव तळोदामा परत लेवानं नही."

"कबूल," आप्पा म्हणाले.

बोर्ड काढणं सोपं होतं, पण फ्रान्सचं नाव न घेता जगणं आप्पांना आता जमणारं नव्हतं. उन्हाळ्यात ते तीन महिने लेकीकडे, नूतनकडे, राहून आले होते. जावई तिकडे नोकरीला, घर एका मोठ्या शहराच्या कडेच्या उपनगरात. लोक तिकडून अत्तर आणतात, चॉकलेट आणतात. आप्पांनी बसचं वेळापत्रक आणलं. एकदा सकाळच्या गारठ्यात ते थांब्यावर एकटेच उभे होते. सात बेचाळीसची बस सात बेचाळीसला आली, दार उघडलं, आणि तळोद्याच्या केळीबागेतून आलेल्या त्या एकट्या माणसाला घेऊन सहा थांबे गेली! आप्पांचे डोळे भरून आले. शेजारच्या म्हाताऱ्यानं मग त्यांना नकाशा उलगडून सगळा इतिहास सांगितला. आधी शहराला जाणारी एकच गाडी होती, मग एकेक खेडं जोडत गेले, आता बावीस मार्ग आहेत आणि प्रत्येकाला वेगळा रंग. म्हाताऱ्याला अहिराणी येत नव्हती आणि आप्पांना फ्रेंच येत नव्हतं, तरी दोघं दीड तास बोलले.

परत आल्यावर आप्पांनी तळोद्याचा तसाच नकाशा काढला. तांबडी लाइन मोलगी, निळी प्रकाशा, हिरवी पुढे कधीतरी. बावीस मार्गांची सुरुवात एका जीपनं करायची ठरली, आणि ती जीप करमसिंगची निघाली. करमसिंग डोंगरातला, बोलणं मोजकं. अर्धा जन्म स्टँडवर "मोलगी, मोलगी" ओरडण्यात गेला म्हणून तो तयार झाला. "घसा फोडी फोडी मी थकी गऊ, आप्पा," एवढंच तो म्हणाला. आप्पांनी लेकीनं दिलेलं घड्याळ स्वतःच्या मनगटावरून काढून त्याच्या मनगटावर बांधलं आणि बजावलं की हे घड्याळ सांगेल तेच खरं, मग मध्ये कोणी का ओरडेना.

सोमवारी जीप आठ दहाला सुटली. आत आप्पा एकटेच होते. मंगळवारी आप्पा आणि खताची एक गोणी. बुधवारी गोणीही आली नाही.

म्हणजे माणसं नव्हती असं नाही. माणसं येत, करमसिंगच्या रिकाम्या जीपमध्ये डोकावत आणि शेजारी उभ्या गोवालच्या जीपमध्ये जाऊन बसत. गोवालच्या जीपमध्ये आठ सीट बसलेल्या असायच्या, तेव्हा तीच आधी निघणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. आप्पा बोर्डवर बोट ठेवून सांगत, ही दोन मिनिटांत निघतेय. लोक मान डोलवत, "हो आप्पा" म्हणत, आणि गोवालकडे साडेनऊपर्यंत घाम पुसत बसत. रिकामी जीप निघते यावर कुणाचा विश्वासच बसत नव्हता. डोळ्यांसमोर निघून गेली तरी बसत नव्हता!

बुधवारी दुपारी तालुक्याच्या कचेरीतल्या साहेबांचा फोन आला. आप्पांनी त्यांना आठ पानी अर्ज दिला होता. साहेब म्हणाले, उद्या बाजाराचा दिवस आहे, मी स्वतः येऊन बघतो. जीप वेळेवर सुटली आणि त्यात प्रवासी दिसले, तर या मार्गावर लहान बस सुरू करावी असा प्रस्ताव पाठवतो.

वेळेवर सुटेल याची आप्पांना खात्री होती. प्रवासी कुठून आणायचे?

करमसिंगनं उपाय सांगितला. तो उपाय सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक असतो, फक्त बोलत कोणी नाही. ओळखीची चारपाच माणसं आधीच आत बसवून ठेवायची. भरत आलेली जीप बघून खरं गिऱ्हाईक चढतं, आणि एकेक खरं चढलं की एकेक खोटं उतरतं. आप्पांना हे अजिबात पटलं नाही. फ्रान्समध्ये असं करत नाहीत, असं ते दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले नाहीत, आणि घरी जाऊन रुक्मिणीबाईंना विचारलं की तुमच्या भजनी मंडळातल्या कोणी सकाळी दहा मिनिटं मोकळ्या आहेत का.

इथं एक बारीकशी चूक झाली. आप्पांनी पाच बायकांची सोय केली ते करमसिंगला सांगितलं नाही, आणि करमसिंगनं पाच पुरुषांची सोय केली ते आप्पांना सांगितलं नाही. दोघांनीही आपापल्या माणसांना एकच सूचना दिली होती: आठ आठला गुपचूप उतरा, बाकीचे खरे प्रवासी आहेत, त्यांना कळू देऊ नका.

बाजाराच्या दिवशी पावणेआठलाच जीप भरली. रुक्मिणीबाई कणीक भिजवून, घरातल्या चपलांवर आल्या होत्या. त्यांच्या मागे शांतीबाई, रूपलीबाई आणि मंडळातल्या आणखी दोघी. समोरच्या बाकावर गोकुळ न्हावी, खांद्यावर टॉवेल. दुकानात एका गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस लावून तो "आलोच" म्हणून निघाला होता. शेजारी रेवजी शिंपी, गळ्यात टेप. आणखी तिघं. बायकांना वाटलं पुरुष मोलगीला निघालेत, पुरुषांना वाटलं बायका. सगळे एकमेकांना अदबीनं जागा करून देत होते. खरं गिऱ्हाईक आलं, आत बघितलं, जागा नाही म्हणून गोवालकडे गेलं. आप्पांना मात्र करमसिंगकडचे पाचही जण खरे प्रवासी वाटले, आणि त्यांची छाती इंचभर फुगली.

आठ सातला साहेब आले. भरलेली जीप बघून ते जागच्या जागी थांबले.

"वा! एकही सीट रिकामी नाही की!" ते म्हणाले. "मी पण येतो मोलगीपर्यंत."

आणि ते करमसिंगच्या शेजारी, आप्पांनी त्यांच्यासाठीच राखून ठेवलेल्या सीटवर बसले. आठ आठ झाले. दहाही जणांनी उतरण्यासाठी बूड जरासं उचललं. साहेबांनी कौतुकानं मागे वळून बघितलं, आणि दहाही जणांनी ते परत टेकलं. रुक्मिणीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात आप्पांना ती नजर फक्त एकदा दिसली होती, आणि ती मुहूर्त टळल्यावर. आप्पा एक शब्द बोलले असते तर जीप थांबली असती. पण थांबली असती तर बोर्ड गेला असता, बस गेली असती, फ्रान्स गेलं असतं. आप्पा मागच्या दाराला लटकले आणि त्यांनी शिट्टी वाजवली. टपरीतून अमृत आ वासून बघत राहिला, आणि शेजारच्या दुकानाच्या दारात फेसाळलेल्या तोंडाचा एक माणूस येऊन उभा राहिला.

अक्कलकुव्याला वेळापत्रकाप्रमाणे दोन मिनिटं जीप थांबली. साहेबांनी विचारलं, इथं कोणी उतरणार का? रेवजी उठू लागला, पण साहेबांनी त्याच दमात विचारलं की मंडळी मोलगीला काय कामानं निघाली आहेत. रेवजी बसला आणि म्हणाला, माप घ्यायला. कुणाचं, ते त्याला सांगता येईना. गोकुळ म्हणाला, सासुरवाडीला. त्याचं लग्न व्हायचं होतं. शांतीबाई म्हणाल्या, भजन आहे. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. देवगोईच्या घाटात वळणावळणाला माणसं एकमेकांवर कलंडू लागली, तेव्हा कुजबुज सुरू झाली आणि घाट संपेपर्यंत सगळ्या जीपला कळलं की मोलगीला जाणारं आत कोणीच नाही. फक्त साहेब खुशीत घाट बघत होते.

दहाला पाच कमी असताना जीप मोलगीत पोचली. साहेब बाजाराकडे वळले तशा रुक्मिणीबाई पहिल्यांदा बोलल्या.

"मन्ही कणीक वायी गयी व्हयी."

आप्पांनी हात जोडले आणि सगळ्यांना सांगितलं की जीप अकराला परत सुटते, पाच मिनिटं आधी इथं या, एकच्या आत तुम्ही घरी असाल.

पण एवढ्या जवळ राहून यातल्या निम्म्या माणसांनी मोलगीचा बाजार कधी बघितलाच नव्हता! रुक्मिणीबाई आमचुराच्या ढिगांपुढे बसल्या त्या बसल्याच. शांतीबाई बांबूच्या टोपल्या वाजवून बघत सुटल्या. गोकुळच्या खिशात कात्री होती; झाडाखाली त्यानं एकाचे केस कापले, तर मागे सहा जणांची रांग लागली. अकराला दहा कमी असताना जीपजवळ आप्पांच्या माणसांपैकी कोणी नव्हतं. तिथं दिवलीबाई उभी होती. डोंगरातल्या पाड्यावरची म्हातारी, डोक्यावर आमचुराचं गाठोडं, बरोबर चार बायका. जीप कधी निघेल असं तिनं विचारलं, करमसिंगनं अकरा सांगितलं, आणि त्या पाचही जणी निमूट चढून बसल्या. पहाटेपासून चालत आलेल्या त्या बायकांना रिकाम्या जीपचं काही वाटलं नाही. बसायला मिळतंय आणि वेळ सांगितली आहे, एवढं त्यांना पुरे होतं. साहेबही पुढच्या सीटवर येऊन बसले.

आप्पा बाजारात धावले. रुक्मिणीबाईंना उठवलं, तर शांतीबाई हरवल्या. शांतीबाई सापडल्या, तर गोकुळ अर्धं डोकं सोडून यायला तयार होईना. सकाळीच एकाला अर्धवट सोडून आलोय, आज दुसरं पाप नको म्हणाला. दहाही जणांना पुढे घालून आप्पा चढावरून येत होते तेव्हा अकरा वाजले. जीप हलली.

"करमसिंग!" आप्पा ओरडले. "थांब! दोन मिनिट थांब!"

सगळ्या बाजारानं ते ऐकलं. करमसिंगनं आरशात बघितलं, मनगटाकडे बघितलं, आणि जीप घाटाच्या वळणाआड गेली.

आप्पा दगडावर मटकन बसले. राग आला होता हे खरं, आणि त्याच्या दुप्पट अभिमान वाटत होता हेही तितकंच खरं. उरलेले तीन दिवसही ही जीप थांबणार नव्हती, अमृतच्या टपरीवर फोटो लागणार होता. रुक्मिणीबाई शेजारी उभ्या राहून धापा टाकत होत्या, आणि त्यांना काय वाटत होतं ते इथं न लिहिलेलं बरं.

तासाभरानं अक्कलकुव्याहून फोन आला. साहेब प्रस्ताव आजच पाठवतो म्हणताहेत, करमसिंग सांगत होता, आणि असे शिस्तीचे प्रवासी आपण कुठं बघितले नाहीत असंही म्हणताहेत. फोन ठेवण्याआधी तो म्हणाला,

"आप्पा, तुम्ही 'थांब' म्हनेल ते मी आयकं व्हतं. पन घडी तुम्हनीच व्हती."

तोवर गोवालची जीप आली होती. अकरा जण तिच्यात चढले. गोवालनं बोटानं डोकी मोजली, पुन्हा मोजली, म्हणाला, "आजून एक सीट," आणि चहा प्यायला गेला.

पाव तास गेला. अर्धा गेला. आतून रुक्मिणीबाईंनी शांतपणे विचारलं की लग्नात किती वेळ गेला होता. आप्पा खाली उतरले, रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि तोंडाशी हात धरून ओरडू लागले, "तळोदा, तळोदा, तळोदा! एकच सीट!"

बऱ्याच वेळानं काठी टेकत एक म्हातारा आला. त्यानं जीप निरखली, आप्पांना निरखलं, आणि विचारलं की ही किती वाजता निघणार.

आप्पांनी त्याच्या हातातली पिशवी आधी घेतली, मग मान खाली घालून म्हणाले, "भरनी का निंघी, बाबा."