आपटेकाकांची निळी पट्टी

आपटेकाका कुणाकडेही पहिल्यांदा गेले की चहाच्या आधी बाथरूम बघायला मागतात. आम्ही डोंबिवलीत त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा ते चौकशीला म्हणून आले, आणि पाच मिनिटांत आमच्या बाथरूममधून गंभीर चेहऱ्याने बाहेर पडले.

"संदीप, तुमच्या नळामागे टाइलचा दोन इंचांचा तुकडा लावलाय."

"असेल काका."

"रोज बघतोस तू तो?"

तोवर मी कधीच बघितला नव्हता. त्या दिवसापासून रोज बघतो.

काका मानपाड्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. निवृत्त झाले, पण हातातली पट्टी-पेन्सिल काही सुटली नाही. टाइल्स हा त्यांचा खास विषय आणि नियम एकच: "तुकडा दिसता कामा नये." भिंतीचा मध्य काढायचा, तिथून दोन्हीकडे अख्ख्या टाइल्स न्यायच्या, आणि कापावी लागलीच तर ती दाराच्या मागे. कळव्याला एक ओळखीचे गृहस्थ वारले, म्हणून आम्ही दोघं भेटायला गेलेलो. परत येताना काका बराच वेळ गप्प. मला वाटलं, मन भरून आलं असेल. मग म्हणाले, "माणूस सज्जन होता. पण शॉवरची भिंत कोपऱ्यातून सुरू केली रे त्याने."

असा माणूस स्वतःचं बाथरूम नव्याने करायला निघाला, तेव्हा आठ महिने नुसता आराखडाच चालला. जेवणाच्या टेबलावर ग्राफपेपर आणि पुठ्ठ्याच्या नखाएवढ्या टाइल्स. मालतीकाकू ताट मांडीवर घेऊन जेवायच्या. काकूंची नजर दोन वर्षांपासून कमी होत चाललेली. आता पांढरं आणि गडद, एवढंच कळायचं. काका मधूनच त्यांना भिंतीशी उभं करायचे, "हात सैल सोड, ताणू नकोस," म्हणायचे आणि पेन्सिलने खूण करायचे. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, "नीता, काका आता काकूंनाही टाइलमध्ये मोजतायत." आम्ही खूप हसलो.

शेवटी एकदाचं काम निघालं. तेवढे दिवस काकू आमच्याकडे आंघोळीला यायच्या. नीता हात धरून आत न्यायची, स्टुलावर बसवायची, पाणी काढून द्यायची. काकू भिंतीकडे तोंड करून बसायच्या.

टाइल्स लावायच्या दिवशीच काकूंना ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. काकांनी किल्ली माझ्याकडे दिली. "मिस्त्रीने काही विचारलं तर मला फोन कर," असं तीनदा सांगून गेले.

अकराच्या सुमाराला मिस्त्रीने बोलावलं.

"साहेब, ही दोन फुटी टाइल आहे. अख्ख्या लावल्या तर निळी पट्टी वर जाते. काकांच्या कागदावर ती खाली आहे. तशी लावायची तर तळाची पूर्ण लाइन कापायला लागेल. सगळीकडे तुकडे दिसणार."

मी कागद बघितला. पांढऱ्या टाइल्स, आणि त्यांच्यामधून दारापासून शॉवरच्या नळापर्यंत गेलेली उंचवट्याची निळी पट्टी. पट्टी कमरेपाशी, आणि खाली सगळे तुकडे. आपटेकाका आणि तुकडे? त्यांचा हिशेब चुकलाय याबद्दल मला शंकाच वाटली नाही. उलट आपण त्यांची लाज राखतोय असं वाटलं. फोन करावा असं मनात आलेलं. पण मग ते पुन्हा नवा कागद घेऊन बसतील, आणि काकू आणखी महिनाभर आमच्याकडे येतील, असंही मनात आलं. हे मी नीतालासुद्धा सांगितलेलं नाही.

"अख्ख्या लावा," मी म्हणालो. "पट्टी जाऊ दे वर."

संध्याकाळी काका आले आणि बाथरूमच्या दारात उभे राहिले. भिंत खरोखर देखणी झालेली. मी शाबासकीची वाट बघत होतो.

"पट्टी चुकून खाली काढलेली ना तुम्ही?" मी विचारलं.

"नाही रे," काका म्हणाले. "तिचा हात तिथे पोचतो."

मागून काकू आल्या. त्यांचा हात कमरेच्या उंचीवर गुळगुळीत टाइलवरून पुढे गेला, थांबला, मागे आला. "कुठाय हो पट्टी?" काकांनी त्यांचा हात धरून वर नेला, पार खांद्यापर्यंत. दोन पावलांत काकूंचा हात भरून आला. त्यांनी तो खाली घेतला.

"मला एकटीला आंघोळ करता आली पाहिजे, एवढंच बघा," असं काकूंनी काकांना सुरुवातीलाच सांगितलेलं. आठ महिने काका तेवढंच बघत होते.

"काका, उद्याच तोडू आणि परत लावू," मी म्हणालो.

काकांनी काकूंकडे बघितलं.

"नको," काकू म्हणाल्या. "परत इतके दिवस लोकांकडे जायला नको."

लोकांकडे म्हणजे आमच्याकडे. नंतर मी धरायला दांडा बसवायचं सुचवलं, पण त्या भिंतीतून पाण्याचे पाइप गेलेत, भोकं पाडायला मिस्त्री तयार होईना. काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आमच्या आणि त्यांच्या बाथरूमच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. रोज सकाळी सातला काकांचा आवाज येतो. "दोन पावलं. आता डावीकडे. हं, नळ समोर आहे." काकूंचा आवाज सहसा येत नाही. परवा आला.

"तुम्ही तिकडे तोंड करा."

"केलंय गं," काका म्हणाले. "केव्हाच केलंय."

मी माझा शॉवर पूर्ण सोडला. मग पुढचं ऐकू आलं नाही.