ओट्सचा डबा

सूप जरा दाट करावं, एवढंच मी ठरवलं होतं. बाकी सगळं त्या सुपाने केलं.

शिक्षण अर्धवट सोडलेल्या माणसाला आमच्या घराण्यात कुठलंही काम सांगता येतं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी कॉलेज सोडलं, या मोठ्या शहरात मामांकडे येऊन राहिलो आणि मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात चिकटलो. बाबांचं म्हणणं, परत ये आणि माझ्या कापडाच्या दुकानात बस. बाबांच्या दुकानात दिवसभर बाबा असतात, ही त्यातली मुख्य अडचण.

त्यातच मामांची साखर वाढली. डॉक्टरांनी सांगितलं, पुढच्या तपासणीपर्यंत उतरली नाही तर इन्सुलिन. आणि नेमकी त्याच वेळी मामी लेकीच्या बाळंतपणाला निघाली. जाताना तिने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"हे बघ, मी येईपर्यंत त्यांना नीट खायला घाल. रिपोर्ट चांगला आला तर तुझ्या बाबांशी मी बोलेन. राहा मग इथे हवा तेवढा."

"आणि वाईट आला तर?"

"तर ते न्यायला येतील. मी बॅग भरून देईन."

म्हणजे माझं भवितव्य मामांच्या रक्तात. ज्या माणसाने तीस वर्षं जिभेवर ताबा ठेवला नाही, त्याच्या भरवशावर माझं आयुष्य. (वडीलधारे वडीलधाऱ्यांवर भरवसा ठेवत नाहीत तो का, ते मला तेव्हा कळलं. एकमेकांना ओळखून असतात.)

शहरात हवं ते मिळतं म्हणतात. आमच्या इमारतीपासून चौकापर्यंत जे जे मिळतं ते तळलेलं असतं. एकच 'हेल्दी' दुकान आहे. तिथे काचेच्या भांड्यात चार पानं घालून वर बिया पेरतात. खाऊन झालं की भूक लागते. शेवटी मी दुकान सुटल्यावर दूरच्या मंडईतून पालक, गाजर, दुधी उचलायला लागलो आणि रोज संध्याकाळी सूप.

पहिलं सूप पाण्यासारखं झालं. मामांनी चमचा वर उचलला, खाली सोडला.

"हे काय आहे?"

"सूप."

"मला वाटलं भांडं विसळलंयस."

मामा विमा कंपनीत क्लेम तपासतात. लोक खोटं कसं बोलतात हे ओळखण्याचा त्यांना पगार मिळतो. घरीही ते प्रत्येक घासाची चौकशी लावतात. म्हणून मी सूप दाट करायचं ठरवलं. फडताळात मागच्या रांगेत 'ओट्स' लिहिलेला डबा सापडला. आत पांढरी भुकटी. मामीने ओट्स दळून ठेवले असणार. दोन मोठे चमचे टाकले आणि सूप असं जमलं की मी स्वतःच दोन वाट्या प्यायलो. किंचित गोडसर होतं, पण गाजराला आपला गोडवा असतोच.

मामांचं तर परिवर्तनच झालं. "मी बाल्कनीत बसून घेतो, हवा बरी असते," म्हणून वाटी घेऊन जायचे आणि दोन मिनिटांत रिकामी आणून द्यायचे. वर "छान" म्हणायचे. त्या माणसाच्या तोंडून 'छान' मी जन्मात ऐकलं नव्हतं. जेवण झाल्यावर शतपावलीलाही जायला लागले आणि तासाभराने घाम पुसत यायचे. मला भरून आलं. दुरुस्तीचं काम मला जमतंच, मग तो मोबाइल असो की मामा.

नाही म्हणायला काही बारीकसारीक गोष्टी होत्या. घरात झुरळं वाढली होती. बाल्कनीतलं मामीचं लाडकं झाड माना टाकत होतं. माझ्या जीन्सचं बटण लागेना. (लॉन्ड्रीवाल्याला मी त्यावरून दोन शब्द सुनावलेही.) आणि ओट्सचा डबा संपतच नव्हता. मी म्हटलं, पौष्टिक वस्तू पुरवठ्याला येतात.

पण एका रविवारी दुपारी सूप उकळत ठेवलं आणि डबा खडखडीत. तळाला शेवटचा चमचाभर होता, तो झाडून घातला. आम्ही जेवलो. मामा बाल्कनीत, मी ओट्यापाशी. मग मी मामीला फोन लावला.

"मामी, दळलेले ओट्स संपले गं. आणखी कुठे ठेवलेस?"

"कसले ओट्स? आपल्याकडे ओट्स कोण खातं?"

"अगं, मागच्या रांगेतला डबा. ओट्स लिहिलंय त्यावर."

पलीकडे तान्हं बाळ रडत होतं. तेही गप्प झालं.

"अरे मेल्या, त्यात झुरळांची पावडर आहे."

इथे आमच्या घरची रीत सांगायला हवी. मामीच्या स्वयंपाकघरात डब्यावर लिहिलेलं डब्यात कधीही नसतं. चहा कॉफीच्या डब्यात, डाळ बिस्किटांच्या, आणि साखर तर मामांच्या हाती लागू नये म्हणून साबणाच्या. लिहिलेलं खरं मानणारा माणूस त्या घरात परका. मी महिनोन्महिने राहून परकाच होतो.

"रोज घालत होतास?" मामी विचारत होती. "किती?"

"दोन चमचे." मी हातातल्या चमच्याकडे पाहिलं. "भरून."

फोन चालू ठेवूनच मी बाल्कनीत धावलो. मामा खुर्चीत डोळे मिटून पडले होते. मी त्यांना गदागदा हलवलं.

"मामा, उठा. दवाखान्यात जायचंय. मी तुम्हाला विष घातलंय."

त्यांनी एक डोळा उघडला. "ते मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं."

टॅक्सीवाल्याने आरशातून आमच्याकडे पाहिलं. "उलटी येणार असेल तर आधी सांगा. सीट नवीन आहे." वाटेत मी मामांचा हात धरून बसलो. या माणसाने मला कॉलेजवरून वर्षभर टोमणे मारले होते, आणि तरी त्या हाताला सोडवेना. बाबांच्या दुकानाचा विचारसुद्धा आला नाही. (एकदाच आला. सिग्नलला.)

इमर्जन्सीमधली डॉक्टर माझ्याच वयाची वाटत होती, म्हणजे शिक्षण पूर्ण करणाऱ्यांपैकी. मी सगळं सांगितलं. मामी फोनवरून भर घालत होती. डॉक्टरने नर्सला नळी आणायला सांगितली.

"कसली नळी?" मामांनी विचारलं.

"नाकातून पोटात घालायची. पोट धुवायला लागेल."

नर्सने नळी आणली. मामांनी तिची लांबी नजरेने मोजली आणि उठून बसले.

"थांबा. मी सूप प्यायलेलो नाही."

"आज?" डॉक्टरने विचारलं.

"आज नाही, काल नाही. पहिल्या दिवसानंतर कधीच नाही. बाल्कनीतल्या कुंडीत ओतत होतो."

"माझ्या झाडात?" फोनमधून मामी.

क्लेम तपासणाऱ्या माणसाने रोज खोटा क्लेम केला होता, आणि मी त्याचे पाय धरायच्या बेतात होतो. इतकं सुटल्यासारखं मला कॉलेज सोडतानाही वाटलं नव्हतं.

"मग सूप कोण पीत होतं?" डॉक्टरने विचारलं.

मामा माझ्याकडे पाहू लागले, मग नर्स. मग नळी.

"दोन वाट्या," मी म्हणालो. "रोज."

मला पलंगावर आडवं केलं. छताचा पंखा फिरत होता आणि मी पुढच्या जन्मी कुठली शाखा घ्यावी याचा विचार करत होतो. मामा फोनकडे बघत होते. त्यांच्या कपाळावर घाम जमला होता. नळी माझ्या नाकाशी आली तेव्हा त्यांनी नर्सचा हात धरला.

"नका घालू. त्या डब्यात झुरळांची पावडर नाहीये."

"अहो, मीच भरली होती," मामी म्हणाली.

"मी ती कधीच फेकली. तू गेलीस त्याच दिवशी." मामांनी फोनकडे पाठ फिरवली, जणू ती त्यातून दिसत होती. "त्यात मी दुधाची पावडर ठेवतो. साखरवाली. चहात टाकायला. तू परत आलीस तरी झुरळांच्या डब्यात हात घालणार नाहीस म्हणून."

फोनमधून फक्त, "अहो." एवढा एकच शब्द, पण मामा जरा आक्रसले.

"आणि तो भरत कोण होतं?" मी उठून बसत विचारलं.

"मीच. भराभर संपायला लागला तेव्हा वाटलं, भाचा चोरून चहा पितोय. चोराने चोराला काय बोलायचं? या आठवड्यात दुकानात माल आला नव्हता."

डॉक्टरने हसू आवरलं आणि आलेच आहेत म्हणून दोघांचंही रक्त घेतलं. तासाभराने कागद घेऊन आली.

"काकांची साखर उतरलीय. इन्सुलिनची गरज नाही. काय करताय हल्ली?"

सत्य बाहेर काढायला आता नळी लागली नाही. शतपावली म्हणजे नदीपलीकडचं बटाटेवड्यांचं दुकान होतं. जवळच्या दुकानात मामीला सांगणारे शेजारी असतात, म्हणून मामा रोज पूल ओलांडून जायचे आणि यायचे. बरेचदा पोहोचेपर्यंत दुकान बंद झालेलं असायचं.

"पचलं ते चालण्याने," डॉक्टर म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुमची मात्र काठावर आहे. या वयात? गोड बंद, आणि रात्री हलकं. सूप वगैरे घ्या."

मामीने शब्द पाळला. बाबांशी बोलली, मी इथेच राहिलो. ती परत आली आहे, मामा माझ्यासोबत चालायला येतात आणि सूप आता मामी करते. पातळ. भांडं विसळल्यासारखं.

काल मी म्हटलं, हवा बरी आहे, बाल्कनीत बसून घेतो. वाटी घेऊन गेलो, इकडेतिकडे पाहिलं आणि मामीने ठेवलेल्या नव्या कुंडीत वाटी कलती केली. झाड टवटवीत होतं. हात लावून पाहिलं तर प्लास्टिकचं. कुंडीला मातीही नव्हती. सूप आत तसंच साचून माझ्याकडे बघत राहिलं.

मामा दारात उभे होते. हातात चमचा.

"भरून घे वाटीत," ते म्हणाले. "मीही काल तसंच प्यायलो."