एक हरीण कमी

जनावराच्या बाबतीत आपल्याला कोणी शिकवू नये, असं मुंजाजीचं ठाम मत होतं आणि ते तो कोणी न विचारता सांगत असे. चकलांब्यात त्याची ऐंशी मेंढरं होती. बांधावर उभं राहून नुसती नजर फिरवली की किती आहेत, किती कमी आहेत, कोण लंगडतंय, हे त्याला कळायचं. "जनावर माझ्या शब्दाभाईर जात न्हाई," तो म्हणायचा, "मग ते मेंढरू असू दे न्हाईतर वाघ." वाघाशी त्याची अजून गाठ पडलेली नव्हती, त्यामुळे हे म्हणणं खोडून काढायलाही कोणी नव्हतं.

गाठ पडायची वेळ आली ती त्याच्या बायकोमुळे. भामाबाईला वाघ बघायचा होता. कोनाड्यातल्या तसबिरीत देवी वाघावर बसलेली. रोज सकाळी कुंकवाचं एक बोट देवीला आणि एक वाघाला, असा भामाबाईचा चाळीस वर्षांचा नेम. ज्याला इतकी वर्षं कुंकू लावलं तो एकदा जिता बघावा, आणि नवऱ्याबरोबर बघावा, एवढंच तिचं म्हणणं. तिनं काही पाटल्या मागितल्या नव्हत्या. पण मेंढपाळाच्या घरात पाटल्या एक वेळ मिळतील, दोघांना मिळून सुट्टी मिळणं अवघड. तो लग्नाला गेला तर ती मेंढरांपाशी, ती जत्रेला गेली तर तो. दोघं एकाच वेळी एका ठिकाणी गेले ते फक्त पोराच्या लग्नाला, आणि तेही नवरदेवाचे आईबाप दोघंही लागतात असं भटजीनं दटावून सांगितलं म्हणून.

तो पोरगा म्हणजे अंगद. बीडला टायरच्या दुकानात होता. दिवाळीच्या आधी तो आणि त्याची बायको शिवकन्या गावी आले ते बातमी घेऊनच. पालीच्या पुढं डोंगराच्या अंगाला मोकळं प्राणिसंग्रहालय झालंय.

"पिंजरे न्हाईतच, दादा," अंगद बापाला म्हणाला. "जनावरं मोकळी हिंडत्यात. आपुन जाळीच्या बसमधी बसायचं."

"म्हंजी जाळीत आपुन," मुंजाजी म्हणाला. "मंग वाघच आपल्याला बघायला येतो म्हण की."

अंगदनं मोबाइलवर बारा वाजताच्या बसच्या चार जागा धरल्या. एकेका जागेसाठी महिना महिना थांबावं लागत होतं, आणि दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गोदाकाठाला उतरायचं ते थेट मिरगालाच परत. म्हणजे वाघ बघायचा तर हाच दिवस. शेजारच्या बद्रीनाथला मेंढरं सोपवून, त्याला एकच सूचना सतरा वेळा देऊन, मंडळी निघाली. भामाबाईनं अंगदच्या लग्नातलं हिरवं लुगडं नेसलं होतं. एसटीत ती एकदाच बोलली. "खरंच मोकळा असतो का गं?" तिनं सुनेला विचारलं.

"मोकळाच असतो, आत्याबाई."

भामाबाईनं पदर नीट केला.

साडेअकराला ते जाळीच्या बसच्या थांब्यावर हजर. इथवर सगळं इतकं बिनचूक झालं होतं की कोणीतरी तेव्हाच दृष्ट काढायला हवी होती. थांब्याच्या पलीकडं मोठा चर खणलेला, चराच्या पलीकडं गवताचा माळ आणि माळावर ठिपक्यांची हरणं. शिवकन्या शिकलेली पोरगी. समोर पाटी दिसली आणि तिनं ती मोठ्यानं वाचली. यात तिची काही चूक नाही.

"चितळ. नर चौदा, मादी तेहतीस. एकूण सत्तेचाळीस."

"म्हंजी दोन इसा आन सात," मुंजाजी म्हणाला आणि त्यानं सवयीनं माळावर नजर फिरवली. मग परत फिरवली. मग हात कपाळावर धरून तिसऱ्यांदा फिरवली. "एक कमी हाय."

"आसंल की गवतात," भामाबाई म्हणाली.

"गवतात आसतं तर कान दिसले आसते. मादी कमी हाय. ह्यांच्या कुणाच्या ध्यानात तरी हाय का बघतो. भामे, तू इथंच बस. मी येईस्तोवर हलू नको."

तिच्या हातात चारही तिकिटं आणि भाकरीची पिशवी देऊन तो गेला. बसला अर्धा तास होता. अर्ध्या तासात माणूस किती गोंधळ घालणार, असं तुम्हाला वाटेल. त्यालाही तसंच वाटलं होतं.

चराच्या कडेला रामकिसन नावाचा पहारेकरी खुर्चीत बसला होता. हातात वायरलेस, डोळ्यांत झोप.

"राम राम. तुमचं एक जनावर कमी हाय."

"आसंल इथंच कुठंतरी, काका."

"इथंच कुठंतरी?" मुंजाजीला हे लागलं. "कळप राखणारा माणूस असं बोलतो व्हय बे? व्यायला झाली आसंल, कुठं झाडीत एकली पडली आसंल. पिल्लू आडवं आलं तर मरंल बिचारी."

रामकिसन उठला. त्यानं हरणं मोजली, ती चव्वेचाळीस भरली. आता त्याची झोप उडाली. त्यानं पुन्हा मोजली, ती एकोणपन्नास भरली. वाढलेली दोन कुणाच्या नावावर लिहायची ते त्याला कळेना.

"हिंडती हरणं मोजायची नसत्यात," मुंजाजी म्हणाला. "आदी गोळा करायची. सर बाजूला."

आणि त्यानं दोन बोटं तोंडात घालून मेंढरांना घालतात ती शीळ घातली, पाठोपाठ "हिर्रर्र" अशी हाळी दिली. ही हाळी चकलांब्यात दिली तर तलवाड्याच्या शिवारातली मेंढरं माना वर करतात, असं तो सांगत असे. हरणांनी माना वर केल्या खऱ्या. मग सगळीच्या सगळी उलट्या दिशेनं उधळली आणि डोंगराच्या कडेला झाडीत घुसून दिसेनाशी झाली. मगाशी एक कमी होतं, आता सगळीच कमी झाली. हाळीला मान देऊन धावत आले ते शेजारच्या कुंपणातले चार इमू. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

इकडं थांब्यावर बारा वाजायला दहा कमी होते. "जा रं, ह्यांना घेऊन ये," भामाबाईनं अंगदला पाठवलं. अंगद आला तो रामकिसननं त्याला पकडलं, कारण बापानं हरणं घालवली होती आणि कोणीतरी जबाबदार माणूस त्याला हवाच होता. पाच मिनिटांनी भामाबाईनं सुनेला पाठवलं. "दोघांनाबी आण, बस लागली." शिवकन्या आली तोवर तिथं गर्दी जमली होती, आणि सासरे चराच्या काठावर ओणवे होऊन चिखलातले खूर तपासत होते.

"मामा, चला ना. बस निघायलीय."

"निघतो गं. एवढं पाऊल कुठं गेलंय ते बघू दे."

हे त्याला पुढं फार दिवस आठवत राहिलं. सून बोलवायला आली होती, बसचा भोंगा त्यानं स्वतःच्या कानानं ऐकला होता, आणि तरी तो एका परक्या हरणाच्या खुरामागं चार पावलं आणखी गेला. चाळीस वर्षांची खोड. जनावर कमी आहे म्हटल्यावर त्याला दुसरं काही दिसत नसे, आणि या गुणाचा त्याला तोवर अभिमानच होता.

रामकिसननं शेवटी वायरलेस तोंडाशी धरला. "साहेब, एक जनावर सापडंना." तिकडून साहेबांनी विचारलं, कोणतं? पण रामकिसनच्या यंत्राची बॅटरी नेमकी तेव्हा संपली, आणि उत्तर गर्दीनंच देऊन टाकलं. पहिल्या माणसानं शेजारच्याला सांगितलं, हरीण सुटलं. पाण्याच्या टाकीपर्यंत ते अस्वल झालं. उपाहारगृहापर्यंत वाघ झाला, आणि तिथल्या भजी तळणाऱ्यानं गॅस बंद करून दार आतून लावून घेतलं. वाघ मोकळाच असतो हे दारावरच्या पाटीवर लिहिलेलंच होतं, त्यामुळे लोकांना ते पटायला वेळ लागला नाही.

भोंगे वाजले. सगळ्यांनी मुख्य दाराशी चला, असं ओरडत कर्मचारी धावू लागले. लोकांना बॅटरीच्या गाड्यांत पोत्यांसारखं भरलं. मुंजाजी ओरडत होता, "आवं, हरीण हाय, हरीण!" पण त्याला दोघांनी बखोटीला धरून गाडीत घातलं. पाठीमागं अंगद, मांडीवर कुणाचं तरी पोर घेऊन शिवकन्या. गाडी सुटली.

मुख्य दाराशी उतरल्यावर मुंजाजीनं सवयीनं आपली माणसं मोजली. तीन. परत मोजली. तीनच.

"तुही माय कुठंय?"

"म्या समजलो तुमच्यापाशी हाय," अंगद म्हणाला.

"मला वाटलं ह्यांच्यापाशी," शिवकन्या म्हणाली.

दोन विसा सहा हरणं ज्याला एका नजरेत दिसली, त्याला स्वतःच्या चार माणसांतलं एक कमी आहे हे कळायला तासभर लागला होता. मुंजाजी आल्या वाटेनं परत वळला. तेवढ्यात मोठे साहेब आले. वाघ जागेवर आहे, कोणी घाबरू नका, असं त्यांनी सांगितलं आणि मग हरणांची तक्रार करणारे गृहस्थ कोण ते विचारलं.

"एक मादी उन्हाळ्यातच दुसरीकडं पाठवली, काका. पाटी जुनी आहे. सेहेचाळीसच आहेत. तुम्ही मोजलं ते बरोबर होतं."

एरवी या शाबासकीवर मुंजाजीनं आठ दिवस काढले असते. "हरणाचं जाऊ द्या, साहेब," तो म्हणाला. "माझं माणूस कमी हाय."

साहेबांनी त्याच्याकडं जरा निरखून पाहिलं. "नक्की ना? नीट मोजलंत ना?"

रामकिसनला बरोबर घेऊन ते परत बसथांब्यावर गेले. सगळं रान सुनं पडलं होतं. फक्त बाकावर हिरवं लुगडं दिसत होतं. मांडीवर पिशवी, हातात चार तिकिटं. बसचा ड्रायव्हर पप्पू शेजारी उभा होता.

"ह्याच का तुमच्या?" पप्पू म्हणाला. "किती म्हणलं आजीला, आजी, चला. भोंगा वाजायच्या आदीच आमची बस गेली आन फिरून आली. तुमच्या चार जागा तशाच रिकाम्या. म्हणलं, तुमी तरी बसा, तुमच्या माणसांना मी सांगतो. तर म्हणत्यात, मालक आल्याबिगर हलायचं न्हाई, तसं सांगून गेल्यात. आन आज वाघ तर असा आलता! जाळीला नाक लावून हुबा. म्या इतक्या दिसांत एवढ्या जवळ पाह्यला न्हाई."

मेंढवाड्यावर लांडगा आला की काठी घेऊन पळताना मुंजाजी दर वेळी हेच म्हणायचा, तू इथंच बस, हलू नको. ती कोकरं पोटाशी धरून बसायची, आणि कधीच हलली नव्हती. इथं तर लांडगाही नव्हता, कोकरंही नव्हती.

"आता एक चक्कर मारा की," तो पप्पूला म्हणाला. आवाजात जनावरांवरची हुकूमत कुठंच नव्हती. "नुसतं तिला घेऊन जा. मी इथंच बसतो."

"आज बंद केलंय, काका. तुमच्या त्या हरणापायी वरून हुकूम आलाय." पप्पूला खरंच वाईट वाटत होतं, पण त्याचा काही उपयोग नव्हता.

"सापडलं का ओ हरीण?" भामाबाईनं विचारलं.

"हरवलंच नव्हतं," मुंजाजी म्हणाला.

"मंग चांगलं झालं," ती म्हणाली आणि उठली. बसून बसून तिचे गुडघे धरले होते. ती रागावली असती, चार शब्द बोलली असती, तर मुंजाजीला किती बरं वाटलं असतं. तिनं चारी तिकिटं नीट घडी करून कनवटीला लावली, जणू ती पुढंही चालणार होती. परतीच्या वाटेवर तो तिच्या शेजारी बसला आणि गेवराई येईपर्यंत भाकरीची पिशवी त्यानं आपल्याच मांडीवर धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात चहा घेत बसला होता. भामाबाई नळावर. तेवढ्यात हंडा घेऊन शेजारची साखराबाई आली, आणि गावभर पोचवायचं असल्यासारख्या आवाजात तिनं विचारलं, "कावून गं भामे, पाह्यला का मंग वाघ?"

मुंजाजीनं बशी खाली ठेवली. आता सगळं निघणार, आणि निघावंच, असं त्याला वाटलं.

"पाह्यला की," भामाबाई म्हणाली.

"केवढा हाय?"

"लई मोठा. आपल्या गोऱ्ह्याएवढा. जाळीला नाक लावून हुबा व्हता."

"आगं बया. आन भ्याली न्हाईस तू?"

"भ्यायचं कावून?" भामाबाईनं हंडा नळाखाली सरकवला. "हे व्हते की संगं."

मुंजाजी चहा तसाच सोडून उठला आणि मेंढरांना पाणी दाखवायला गेला. ती मघाशीच पिऊन झाली होती.