मोरी हवी, पण पलीकडे

पाणी उताराकडे वाहते हे शास्त्र झाले. ते कोणाच्या उताराकडे वाहावे, हे ठरवणे म्हणजे नियोजन. विकसनशील देशात शास्त्र आधीपासून असते. नियोजन मागाहून येते आणि मग इलाज राहत नाही.

पळसदरीच्या अलीकडे असलेल्या आमच्या गावात ते चौऱ्याहत्तर साली आले. योजना शहरी रस्त्यांना पुरापासून वाचवण्याची होती. आमचे गाव शहर नव्हते (एक गिरणी, दोन न्हावी, पैकी एक कायम सासुरवाडीला). पण समितीने ठराव करून गावाला योजनेपुरते शहर मानले. लोकांनी ते इतके मनावर घेतले की त्या आठवड्यात म्हशीसुद्धा डाव्या बाजूने चालत होत्या.

मी समितीचा चिटणीस. डोंगराचे पाणी दर पावसाळ्यात बाजाररस्त्यावरून आडवे जाऊन नदीला मिळे. रस्ता बुडाला की एसटी बंद, आणि सरकारी माणूसही येत नसे (याबद्दल तक्रार एकच आली, तीही सरकारी माणसाची). तेव्हा रस्ता पुरुषभर उंच करावा आणि पाणी जायला खालून मोरी ठेवावी, असे ठरले. मोरीची जागा नकाशात अगदी बरोबर होती. सगळ्यात सखल ठिकाणी, रस्त्याच्या डोंगराकडच्या अंगाला गौराबाईचे घर आणि नदीकडच्या अंगाला आबाजीचे, या दोघांच्या मधोमध.

हरकती मागवणे ही लोकशाहीची शोभा आहे. आबाजी म्हणाला, "मोरी पायजेच. पन तिचं तोंड माज्या दारात नको." गौराबाई म्हणाली, "गावाचं पानी माज्या अंगनातून कशापायी?" हे आमच्याकडच्या भातशेतीला धरूनच होते. आपल्या खाचरात पाणी जास्त झाले की बांध फोडून खालच्याला द्यायचे, आणि वरच्याने आपल्याला दिले की त्याच्याशी भांडायला जायचे.

समितीने मोरी धाकलूच्या घरापाशी सरकवली. धाकलूने ती देवळापाशी सरकवली, देवळाने शाळेपाशी. स्मशानातल्यांना हरकत घेता येत नव्हती, पण त्यांच्या वारसांनी घेतली. शेवटी मोरी गावाबाहेरच्या टेकाडावर सर्वानुमते बांधण्यात आली. तिथे पाणी कधी चढत नसल्याने ती आजही कोरी करकरीत आहे. तालुक्यात इतकी टिकलेली मोरी दुसरी नाही.

पुढच्या श्रावणात योजनेची परीक्षा झाली आणि ती पहिल्या वर्गात पास झाली. रस्त्याला थेंब शिवला नाही. सगळे पाणी डोंगराकडच्या घरांत शिस्तीने उभे राहिले. माणसे चुली, शेरडे, पाळणे घेऊन रस्त्यावर चढली. गावात कोरडी जागा तेवढीच होती, आणि ती योजनेमुळेच होती, हे मी प्रत्येकाला समजावून सांगितले.

एवढ्यात गौराबाई कुदळ घेऊन आली. नवरा जाऊन चार वर्षे झालेली, शेत एवढेएवढेसे. माजघरातल्या कणगीत तिचे आणि लेकीचे वर्षाचे भात होते. पाणी कणगीच्या बुडाशी पोचले होते.

"सरका," ती म्हणाली. "खाचर तुंबलं तर बांध फोडता का नाय? ह्यो पन बांधच हाय."

आबाजी आडवा येणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. पण तिला धरले ते तिच्याच शेजारणीने, शकूने. शकूच्या घरात कमरेएवढे पाणी होते. ती म्हणाली, "गौराक्का, रस्ता फोडलास तर आमी उभं कुठं ऱ्हायाचं गं?"

समितीने तिथेच उभ्याने बैठक घेतली (बसायला शेरडांनी जागा ठेवली नव्हती) आणि कुदळ ताब्यात घेतली. मला वाईट वाटले. खरेच वाटले, तशी नोंदही केली.

पाणी ओसरले तेव्हा कणगीतल्या भाताला मोड आले होते. गौराबाई ते सुपात घेऊन समितीपुढे आली. अहवालात मी 'उगवण समाधानकारक' असे लिहिले.

आता दुसरी मोरी मंजूर झाली आहे. गौराबाईने हरकत मागे घेतली. अंगण द्यायला ती तयार आहे. पलीकडचे तोंड कुठे काढायचे, एवढेच राहिले आहे. आबाजी अजून नाहीच म्हणतो. मी त्याला चारचौघांत स्वार्थी म्हटले, तेव्हा गौराबाई माझ्याकडे वळून म्हणाली, "मंग तुमच्या दारात काडा की, शेक्रेटरी."

माझेही घर नदीकडच्याच अंगाला आहे. विषय पुढच्या बैठकीवर ढकलण्यात आला.

वाचता वाचता आपल्याला आमचा राग आला असणार. समितीला अशाच माणसांची गरज आहे. गौराबाईची कणगी यंदा पुन्हा भरली आहे आणि ज्येष्ठ लागला आहे. तेव्हा आपले दार कुठल्या अंगाला उघडते, ते कळवावे. एकदम नाही म्हणू नये. 'घरी विचारून सांगतो' म्हणावे. आम्ही सगळे तसेच म्हणालो होतो.