पाणघोडा उठला, घोरणं उठेना

पुरावेकाकांचं आईबापांनी ठेवलेलं नाव गल्लीत कुणाच्याच लक्षात उरलं नव्हतं. पाणीखात्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे बसून बसून त्यांची जीभ एकाच शब्दाला सरावली होती. कुणी आलं आणि म्हणालं, नळाला पाणी नाही, की काका चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, "पुरावा?" आता नसलेल्या पाण्याचा पुरावा माणसाने आणायचा कुठून? (एका बाईने रिकामी कळशी आणून खिडकीत ठेवली होती. काका म्हणाले, ही तुम्ही वाटेत उपडी केली नाहीत कशावरून?)

कचेरीत हे खपून जायचं. पण काकांनी ती खिडकी घरात आणून बसवली, आणि काकूंचे हाल सुरू झाले.

काकूंची तक्रार एकच. काका घोरायचे. घोरायचे म्हणजे तुमच्याआमच्यासारखे नव्हे. आधी एक बारीक शिट्टी. मग घशात कुणी खुर्ची ओढत न्यावी तशी घरघर. मग एकदम सगळं गप्प, इतकं गप्प की काकू घाबरून त्यांच्या नाकापुढे बोट धरायच्या. आणि बोट धरलं रे धरलं की जुन्या स्कूटरला किक बसावी तसा भडका. मांडणीवरची भांडी एकमेकांशी बोलायला लागायची.

काकू घरीच कपडे शिवायच्या. मागच्या खोलीत मशीन, कापडाचे गठ्ठे आणि मापाला ठेवलेला एक बिनडोक्याचा पुतळा. रात्री डोळ्याला डोळा नाही, म्हणून दिवसा मशीनवर डुलकी लागायची. बँकेतल्या एका साहेबांच्या शर्टाला अशाच डुलकीत तीन बाह्या लागल्या. साहेब सज्जन. ते एवढंच म्हणाले, "बाई, दोन पुरल्या असत्या." पण सगळी गिऱ्हाइकं सज्जन कुठे असतात? एकेक करून तुटायला लागली. काकूंना झोप हवी होती, नाहीतर हातचं काम जाणार होतं.

"अहो, तुम्ही मागच्या खोलीत झोपत जा."

"का म्हणून?"

"घोरता म्हणून."

"पुरावा?"

काकूंचा धाकटा भाऊ आवाज भरायच्या स्टुडिओत कामाला होता. त्याने बहिणीला एक चांगलं यंत्र दिलं, काकूंनी ते उशीपाशी ठेवलं, आणि रविवारी सकाळी चहाबरोबर नवऱ्याला त्याचंच घोरणं ऐकवलं. काकांनी शांतपणे चहा संपवला.

"हा पाण्याचा पंप आहे. बेअरिंग गेलंय. रोज ऐकतो मी असे."

"भावजी, हा तुमचा आवाज आहे," मेहुणा म्हणाला.

"माझा नाही."

"नक्की? मग मी तो कुठे वापरला तर तुमची हरकत नाही?"

"खुशाल वापर. माझा नाहीच तर माझं काय जातंय?"

ही एवढीशी गोष्ट. वर काका ऐटीत असंही बोलून गेले, की नात्यातले नको, गिऱ्हाइकं नको, शेजारी तर नकोच (ते सगळे काकूंकडे कपडे शिवायला टाकतात), चार परकी माणसं म्हणू देत की मी घोरतो, त्या दिवशी गादी उचलून मागच्या खोलीत जाईन.

काही महिन्यांनी मेहुणा पास घेऊन आला. लहान मुलांचं ॲनिमेशनचं पिक्चर लागलं होतं, आवाजाचं काम त्यांच्या स्टुडिओचं. काका म्हणाले, "मुलांचं पिक्चर, मी काय करू तिथे?" पण फुकट पास दिसला की काकांचे पाय आपोआप चपला शोधतात.

थिएटर पोरासोरांनी गच्च भरलेलं. काकूंच्या शेजारी पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी मक्याच्या लाह्यांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. पिक्चरची गोष्ट साधी. एक डोंगराएवढा पाणघोडा नदीच्या तोंडाशी झोपलाय, त्याच्यामुळे पाणी अडलंय, आणि बेडकं, बगळे, एक म्हातारं कासव, सगळी मिळून त्याला उठवायला धडपडताहेत.

पाणघोड्याने तोंड उघडलं आणि बारीक शिट्टी वाजली.

काकूंचा हात लाहीसकट तोंडाशी थांबला. शिट्टीमागून घरघर आली. चारी भिंतींतून आली, खुर्च्यांच्या खालून आली. मग सगळं गप्प. थिएटरभर मुलांनी श्वास धरला.

"आता स्कूटर," काकू पुटपुटल्या.

भडका उडाला. पडद्यावरचे बगळे उडाले, बेडकं झाडावर जाऊन चिकटली आणि मुलं हसून हसून खुर्च्यांतून खाली घसरली.

"तुम्ही हे आधी पाहिलंय?" दातपडकीने विचारलं.

"रोज पाहते, बाळा," काकू म्हणाल्या.

पलीकडे मेहुणा रुमालाचा बोळा तोंडात कोंबून बसला होता. काका एकटेच गंभीर.

मध्यंतरात बाहेरच्या दालनात थिएटरची एक मुलगी माइक घेऊन लोकांची मतं विचारत होती. बोलणाऱ्याचा चेहरा लगेच भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर दिसायचा. एक आजोबा म्हणाले, संदेश फार चांगला आहे, फक्त कुठला ते अजून कळलं नाही. एक आई म्हणाली, दंगा फार आहे, पण पोरगा पहिल्यांदाच एका जागी बसला. एक टाय लावलेले गृहस्थ म्हणाले, "पाणघोड्याला आवाज देणारा कुणीतरी मोठा कलावंत असणार. अहो, ही काय एका दिवसाची साधना आहे?"

"साधना तर आहेच," काकू म्हणाल्या. "मी साक्षीला असते."

माइक काकांपुढे आला. काकांनी कॉलर नीट केली.

"पिक्चर बरं आहे. पण ते घोरणं पटत नाही. असं घोरणारा प्राणी जगात नाही, माणूस तर नाहीच नाही. आणि असलाच, तर त्याला घरात झोपू देऊ नये. त्याच्या बायकोची मला दया येते."

काकू पुढे सरकल्या. "अहो, शेवटचं वाक्य नीट ऐकू नाही आलं."

काकांनी ते मोठ्याने परत म्हटलं. टीव्हीवरसुद्धा म्हटलं.

तेव्हा मेहुण्याने तोंडातला रुमाल काढला आणि सांगून टाकलं, "भावजी, तो पाणघोडा तुम्हीच. त्या रविवारचं रेकॉर्डिंग. तुमची परवानगी होती."

काकांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग नेहमीच्या रंगावर आला. "माझी नव्हे, पंपाची. तरीही तुझ्या समाधानासाठी मध्यंतरानंतर नीट ऐकतो. डोळे मिटून, एकाग्रतेने."

मध्यंतरानंतर काकांनी डोळे मिटले. अंधार, गार हवा, मऊ खुर्ची, पोटात लाह्या. एकाग्रता फारच खोल गेली.

पडद्यावर पाणघोडा जागा झाला. आपल्यामुळे नदी अडली हे कळून त्याचे डोळे भरून आले. हरवलेल्या बेडकाच्या पिल्लाला पाठीवर घेऊन तो चांदण्यात त्याची आई शोधायला निघाला. संगीतसुद्धा थांबलं. थिएटरमध्ये नाकं पुसली जात होती.

आणि बारीक शिट्टी वाजली.

पाणघोडा तर चालत होता. घरघर आली. पाणघोडा पिल्लाला थोपटत होता. मग गप्प. मग भडका, आणि पुढच्या रांगेतल्या एका बापाच्या हातातला डबाच उडाला.

"तो उठला ना?" दातपडकीने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "मग घोरतंय कोण?"

वर मशीन चालवणाऱ्याला वाटलं, आवाज अडकला. त्याने पिक्चर थांबवलं. पडदा काळा, थिएटर चिडीचूप, घोरणं चालू. दरवाज्यावरचा माणूस बॅटरी घेऊन रांगांमधून शोधत आला आणि उजेडाचा गोल काकांच्या उघड्या तोंडावर येऊन थांबला.

काकूंनी कोपर मारलं. काका दचकून उठले आणि झोपेतच म्हणाले, "पुरावा?"

थिएटर असं हसलं की पाणघोड्यालाही एवढं हसलं नव्हतं.

पिक्चर संपून बाहेर येताना काकू म्हणाल्या, "चार परके मागत होतात ना? अख्खं थिएटर दिलं."

"मी डोळे मिटून ऐकत होतो," काका म्हणाले. "घोरत असतो तर मलाच आधी ऐकू आलं नसतं का? शिवाय अंधार होता. आवाज त्या पाणघोड्याचाही असू शकतो."

काकूंचा चेहरा उतरला. एवढं होऊनही खिडकी बंदची बंद. उद्या परत मशीनवर डुलकी, परत कुणाच्यातरी पँटला तिसरा पाय.

तेवढ्यात माइकवाल्या मुलीने दातपडकीला गाठलं. "काय आवडलं, बेटा?"

"पाणघोडा. तो झोपतो ते खूप आवडलं. उठतो ते नाही आवडलं."

"आणि मध्येच आवाज आला तेव्हा?"

दातपडकीने काकांकडे बोट दाखवलं. "हे काका त्याची नक्कल करत होते. पण त्यांना जमत नाही. पाणघोड्याचं खरं वाटतं, यांचं खोटं वाटतं."

टायवाले गृहस्थ मान हलवत म्हणाले, "बरोबर आहे. अस्सल ते अस्सल."

काका तिथेच थांबले. आयुष्यभर त्यांनी तक्रारी पचवल्या होत्या, पण नक्कल हा शब्द त्यांना पचेना. कान लाल झाले. ते तरातरा गेले आणि त्यांनी माइक हिसकावला.

"नक्कल? कुणाची नक्कल? तो पाणघोडा मी आहे. ते घोरणं माझं आहे. शिट्टी माझी, स्कूटर माझी, सगळं माझं. पंधरा वर्षं घोरतोय मी, विचारा हिला."

भिंतीवरच्या टीव्हीवर काकांचं तोंड केवढंतरी मोठं दिसत होतं.

"ताई," काकूंनी माइकवालीला हळूच विचारलं, "हे सगळं भरलं गेलं ना त्यात?"

"अगदी स्पष्ट."

त्या रात्रीपासून काकांची गादी मागच्या खोलीत पडली, कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये. काकूंना अशी झोप लागली, की त्यांनी आठवड्यात बँकेतल्या साहेबांना नवा शर्ट शिवून दिला, मोजून दोन बाह्यांचा.

थिएटरवाल्यांनी ती मतं बाहेरच्या टीव्हीवर दिवसभर लावून ठेवली. काका कचेरीला जाता-येता रोज तिथून जायचे. आपलं बोलणं ऐकून कुणीतरी ओळखेल, हात मिळवेल, अशी त्यांना आशा. एकदा खरंच एक लहान मुलगा आईचा हात सोडून त्यांच्याकडे धावत आला. काकांनी खिशातलं पेन काढून तयार ठेवलं.

"आई, बघ ना," पोरगा ओरडला, "हे ते काका, जे पाणघोडा असल्याचं खोटं सांगतात."

"खोटं नाही, बाळ, तो मीच," काका वाकून म्हणाले.

मुलाच्या आईने त्यांना नीट निरखलं. तिच्या नळाला आठवडाभर पाणी नव्हतं, आणि तिने तो खिडकीमागचा चेहरा ओळखला होता.

"पुरावा?" ती म्हणाली.