गफूरचाचांना मिस कॉल देऊन दाखवा

अमरावतीच्या राजापेठेत गफूरचाचांना मिस कॉल देणं आजवर एकाही माणसाला जमलेलं नाही.

यात काय एवढं, असं ज्यांना वाटेल त्यांनी ते दिवस आठवावेत. इनकमिंग नुकतंच फुकट झालं होतं. बटनांचे फोन घरोघरी आले होते, पण बोलायचं म्हटलं की पैसे पडत. म्हणून सगळं वऱ्हाड घंट्यांवर बोलत होतं. एक घंटी म्हणजे पोचलो. दोन म्हणजे निघालो. तीन म्हणजे, तूच लाव बापा, माह्यात बॅलन्स नाही. आमचा दूधवाला खालून मिस कॉल द्यायचा आणि आई पातेलं घेऊन जिना उतरायची.

चाचांकडे ही भाषा चालत नसे. घंटी अर्धी वाजते न वाजते तोच फोन कानाला. "हाँ बोल, कुठं हायस?" समोरच्याचा रुपया गेला.

"चाचा, मिस कॉल होता ना!" तो कळवळून ओरडायचा.

"मंग चिठ्ठी पाठवाची होती. घंटी वाजली तं मी उचलनार."

समोरच्या ट्यूशन क्लासच्या पोट्ट्यांनी यावर पैजा लावल्या. एकानं तर हिरवं बटन दाबताच लाल दाबायचा आठवडाभर सराव केला. त्याचाही रुपया गेला. वर चाचांनी त्याला गणिताचा पेपर कसा गेला ते विचारलं.

चाचा घडीसाज. चपलांच्या दुकानाला चिकटून त्यांची टपरी. उजव्या डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि चिमट्यात तिळाएवढा स्क्रू, अशा अवस्थेत त्यांचा दिवस जायचा. फोन वाजला की भिंग गालावरून घसरे, चिमटा सुटे, स्क्रू नालीत. त्या नालीतून अर्ध्या अमरावतीचे सेकंद काटे वाहून गेले असतील. गिऱ्हाईक भडकलं की चाचा शांतपणे म्हणत, "काटा दुसरा मिळते."

त्याच भिंगाच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता. अकोल्याला चाचीचं माहेर, तिथल्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. तारीख मिळाली, चाचा गेले नाहीत. दुसरी मिळाली, गेले नाहीत. तिसऱ्या वेळी चाचीनं मला रस्त्यात धरलं.

"तुह्या चाचाले समजाव थोडं. तिथं दुपारी चार घंटे फोन बंद ठेवा लागते म्हून हे जात नाहीत. डोया गेला तं फोन काय नाकानं पाहतीन?"

मी समजवायला गेले. चाचा म्हणाले, "दुपारचे चार घंटे? नाही जमत." आणि भिंग लावून एका मेलेल्या घड्याळात तोंड खुपसलं.

माझं आणि चाचांचं जमलं ते भांडणातूनच. आमच्या घरात देवांच्या फोटोंपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. बाबा संघटनेत होते. बाराखडी मी उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर गिरवली, त्यामुळे 'अ' च्या मागे 'अन्याय' छापलेला असायचा. त्या वर्षांत सकाळचा पेपर उघडताना हात थबकत. पहिल्या पानावर मंत्र्यांच्या गाड्या, पॅकेज, हार. आतल्या पानावर चौकटीत गावाचं नाव, शेतकऱ्याचं नाव, वय. चौकट रोजची झाली होती आणि रोजची झाली म्हणून लहान होत चालली होती. याचाच आम्हाला संताप. आम्ही आठ-दहा जणांनी पत्रक काढलं. 'बंधूंनो, तुम्ही एकटे नाही आहात! मन मोकळं करा!' खाली ठळक दहा आकडे. वेळ सायंकाळी सहा ते नऊ. राजापेठेतल्या एका खोलीत टेबलावर फोन ठेवला आणि आळीपाळीनं त्याच्यासमोर बसलो.

फोन वाजेना. तीन आठवड्यांत एकदा वाजला. सिलिंडर कधी येणार, असं एका बाईंना विचारायचं होतं.

मी पत्रक चाचांना दाखवलं. त्यांनी भिंग लावून पहिल्या 'बंधूंनो'पासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचलं.

"मजमून झकास हाय. पन बेटी, जीव घाबरला असन त्याले दहा आकडे दिसतीन काय? अन सहा ते नऊ काहून?"

"आमचे सगळे नोकरीवाले, कॉलेजवाले आहेत, चाचा."

"रातीले घरात मानसं असतात. दुपार वाईट. दोन ते पाच. बायको वावरात, पोट्टे शाळेत. घरात हा अन याचं डोस्कं."

मला राग आला. चूक असतं तर इतका आला नसता.

चाचांचा दुसरा नाद म्हणजे बटनं. त्या फोनांवर दोन ते नऊ या बटनांवर एकेक नंबर बसवता यायचा. बटन दाबून धरलं की फोन थेट लागे. हे बऱ्याच लोकांना ठाऊकही नव्हतं. चाचांच्या हातात कुणाचाही फोन आला की ते नाव-गाव विचारत नसत. "तुह्या दोनवर कोन हाय?" हा पहिला प्रश्न. त्यांचे नियम ठरलेले. दोनवर असा माणूस, जो पायी येऊ शकतो. पुण्याचा लेक दोनवर चालणार नाही, तो सातवर. पाचच्या बटनावर एक बारीक उंचवटा असतो, अंधारातही बोटाला सापडतो. तिथं कोण ठेवायचं ते विचार करून सांगायचं. घाई नाही, चहा घे, पण विचार कर. या नियमांपायी राजापेठेत दोन सासवा सुनांशी बोलेनाशा झाल्या, कारण त्यांचा नंबर आठवर निघाला.

एका पुढाऱ्याच्या कार्यकर्त्यानं साहेबांचा नंबर बसवून मागितला. चाचा म्हणाले, "शून्यावर बसव."

"शून्यावर नंबर बसत नाही ना, चाचा."

"तेच तं सांगून राह्यलो."

तर, फोन वाजत नाही म्हणून मी चाचांना हिवरखेडच्या बाजाराला घेऊन गेले. मिरच्यांच्या ढिगाशेजारी ताडपत्री अंथरली. चाचा लोकांच्या फोनात नंबर बसवून देणार आणि मी पत्रक वाटणार. आमचा नंबर दोनवर बसवा, असं मी म्हटलं. चाचांनी तो नऊवर बसवला. भर बाजारात आमची जुंपली.

"हा विचारांचा प्रश्न आहे, चाचा!"

"असन. पन याचा जीव घाबरला तं तू अमरावतीहून एसटीनं येशीन? दोनवर शेजारीच."

प्रत्येकाचा शेजारी कोण, त्याचा नंबर काय, हे चाचा घड्याळांच्या दुरुस्तीच्या जुन्या वहीत लिहूनही घेत होते. म्हातारपणाची खोड, असं मी समजले. संध्याकाळकडे मधुकर नावाचा एक माणूस आला. धूळ लागू नये म्हणून त्यानं फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रबर लावला होता.

"दोनवर?"

"पुंडलिक. बाजूचा."

"पाचवर?"

मधुकरनं बराच वेळ बटनाकडे पाहिलं. मग हसला. "पाचवर कोनी नाही, चाचा."

"बरं," म्हणून चाचांनी काहीतरी खुटखुट केली आणि त्याच्या कानाशी काही बोलून फोन परत दिला. मला वाटलं, पाच रिकामं सोडलं.

महिन्याभरानं दुपारी अडीचला मी टपरीवर बसले होते. आमच्या फोनवर आणखी दोन सिलिंडर आले होते, त्याबद्दल मी तावातावानं बोलत होते. चाचांचा फोन अर्धा वाजला. स्क्रू नालीत गेला.

"हाँ बोल, मधुकर."

पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. चाचांचं येत होतं.

"जेवला काय?... नाही? भाजी काय केली?... बरं, नाही केली. कांदा हाय घरी? काप मंग... नाही, आत्ता काप. फोन खाली ठेव अन काप. मी आयकून राह्यलो. आवाज येऊ दे."

फोन कानाशी तसाच धरून त्यांनी दुसऱ्या हातानं वही उघडली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनी माझ्या फोनकडे खूण केली. मी तो नंबर लावला. चाचांनी माझा फोन दुसऱ्या कानाला घेतला आणि आवाज बारीक केला.

"पुंडलिक, मी घडीवाला चाचा. मधुकरच्या घरी चाय मांगाले जाय. आत्ता. चप्पल घालू नको, तसाच जाय."

मग पहिल्या फोनात, नेहमीच्या आवाजात, "बारीक काप रे. मीठ हाय?"

ती तीन-चार मिनिटं मी कधी विसरणार नाही. सगळ्या जिल्ह्याच्या संकटाविरुद्ध एक म्हातारा कांदा कापायला लावत होता. शेवटी चाचा म्हणाले, "कोन आलं? पुंडलिक? बसव त्याले. दोघं जेवा." त्यांनी दोन्ही फोन खाली ठेवले आणि भिंग शोधायला लागले. भिंग गळ्यातच लटकत होतं.

आणि मी भडकले. हो, भडकले. मधुकरच्या पाचवर चाचांनी स्वतःचा नंबर बसवला होता. आणखी कितीजणांच्या पाचवर? चाचांनी वही पुढे सरकवली. हिवरखेड एकटं नव्हतं. पानांमागून पानं होती.

"ज्याले कोनी नाही, त्याच्याच पाचवर," ते गुन्हेगारासारखे म्हणाले.

"आमचा फोन मुका बसला आणि तुम्ही आम्हाला न सांगता असं करता? हे एका माणसाच्या खिशात ठेवायचं काम आहे का, चाचा? उद्या तुम्ही आजारी पडलात तर? डोळा गेला तर? तुम्हाला ही वही तरी दिसेल का?"

माझा एकही मुद्दा चूक नव्हता. चाचांनाही ते पटत होतं. ते मान हलवत राहिले. मग उघड्या पडलेल्या घड्याळावर काचेची वाटी पालथी घातली.

"बार्शीटाकळीचा नामदेव. माह्यासंग शाळेत होता. त्यानं एक दिवस तीन मिस कॉल देल्ले. अशीच दुपार. मी घडी उघडून बसलो होतो. फोन पेटीत. मले वाटलं, बॅलन्स नसन याच्यात, हातातलं झालं की लावतो." त्यांनी वाटी थोडी सरकवली. "घडी झाली तवा चार वाजले होते. मी लावला. त्याच्या भावानं उचलला."

रस्त्यावरून ट्यूशनच्या गाड्या जात होत्या.

"ते घडी अजून चालते," चाचा म्हणाले. "एक मिनिट मागं-पुढं नाही. मालक येते कधी, सांगून जाते."

दुसऱ्या दिवशी मी आमच्या खोलीला कुलूप लावलं, टेबल चाचांच्या टपरीशेजारी आणलं आणि म्हटलं, अकोल्याची तारीख घ्या, तुमचा फोन मी उचलते. चाचांनी माझी आठवडाभर परीक्षा घेतली. पलीकडच्या एसटीडी बूथवरून अवेळी फोन करायचे. दुसऱ्या घंटीला उचलला की नापास. सूचना मोजक्या होत्या. "बंधूंनो म्हनू नको. मन मोकळं करा म्हनू नको. जेवले काय ते इचार. अन भाजी कोनती, ते बी."

तारखेच्या दिवशी चाचा-चाची सकाळच्या एसटीनं अकोल्याला गेले. बारापासून मी टपरीत बसले. डावीकडे वही, समोर चाचांचा फोन. पाय हलत होता, थांबवला की दुसरा हलायचा. भिंग उचललं, ठेवलं. चाचांचा फोन सुरू आहे ना, हे चारदा पाहिलं. एक वाजता तो वाजला आणि मी झडप घातली.

"बोला! जेवले काय?"

"मिस कॉल होता ना, ताई!" ट्यूशनचा पोट्टा रडवेला झाला. चाचा नाहीत हे पाहून त्यानं डाव साधला होता.

दोनला दहा मिनिटं असताना पिशवीत काहीतरी वाजत होतं. चाचांच्या फोनवरची नजर काढून ते माझंच आहे हे कळायला वेळ लागला. उचलला.

"तीन घंट्या वाजल्या, बेटी." चाचा होते, चाचीच्या भावाच्या फोनवरून. "तीन."

"माझा वाजवला तुम्ही, चाचा. मी तुमच्या फोनकडे पाहून राहिले होते."

"तुहा बी उचलाचा."

"हो."

"माह्यावर कोनी?"

"नाही. सगळं ठीक आहे."

"बरं. आता आत बोलावून राह्यले. फोन बंद करा म्हन्तात."

"जा मग."

"हाव."

त्यांनी फोन ठेवला नाही. पलीकडे कुणीतरी नाव पुकारत होतं आणि चाचांचा श्वास ऐकू येत होता. अर्ध्या घंटीत ज्यानं सगळ्यांचे फोन उचलले, तो माणूस चार तासांसाठी फोन ठेवायला घाबरला होता. आत जायलाही घाबरला असेल. माझ्याजवळ पत्रकातलं एक वाक्य तयार होतं. ते मी गिळलं.

"चाचा, जेवले काय?"

"हाव. चाचीच्या भावजईनं भाकर केली."

"भाजी कोनती?"

"वांग्याची."

"तिखट होती?"

चाचा सांगू लागले. मी माझा फोन कानाशी घट्ट धरला, चाचांच्या फोनवर नजर ठेवली आणि ऐकत राहिले.