पाचव्या सुभ्याचा तंटा

श्रीगणरायास वंदून, जे घडले तेच लिहितो. शके एकोणीसशे एक्केचाळीस, विकारीनाम संवत्सर, चैत्रमास. ते समयी एका जुन्या संगणकाचे राज्य केरोपंत कारभारी चालवीत होते. राज्यात विंडोजराव सरदार पहिल्यापासून नांदत, आणि मुलुख म्हणजे एकच डिस्क, तिचे चार सुभे, म्हणजे वेगळाले वाटे, केले होते. आणि चौथे सुभ्यात पंतांच्या कैलासवासी कुटुंबाचा, प्रमिलाबाईंचा, आवाज साठवला होता. दुसरी प्रत नव्हती, आणि बाई गेल्यापासून तो ऐकण्याची पंतांची छाती जाहली नव्हती. मग सूनबाई अनघाबाई घरात आल्या, आणि त्यांस अभ्यासाकरिता लिनक्सराव सरदार पाहिजे जाहले. "दोघेही राहतील, मामंजी. चालू करताना बोलावू तो येईल," ऐसे बोलल्या. पंतांनी मान डोलावली, आणि लिनक्सराव वेशीवर आले, तो मोठाच तंटा! त्या जुन्या डिस्कचा कायदा ऐसा की मुख्य सुभे चारच. लिनक्सरावांकरिता पाचवा मांडू गेले तो नामंजूर. मग पडद्यावर पृच्छा आली, सारा मुलुख पुसून नवा मांडावा काय? पंतांची हयात कचेरीत 'होय साहेब' म्हणण्यात गेलेली. बोट आपसूक 'होय'कडे गेले, आणि सूनबाईंनी मनगट धरले.

"अहो मामंजी, सासूबाईंचा आवाज जाईल ना!"

पंतांनी बोट झटकन मागे घेतले. मग मसलत बसली, आणि सूनबाईंनी तोड काढली, की चौथा सुभा मोडावा, त्या जागी एक जहागीर करावी, आणि जहागिरीच्या पोटात परगणे हवे तितके मांडावे, त्यास कायद्याची आडकाठी नाही.

"मोडावा?" पंत कळवळले. "अगं पोरी, ती त्यातच आहे."

"आधी बाहेरच्या डिस्कवर प्रत घेऊ."

प्रत घेतली, आणि पंत म्हणाले, फाईल दिसते, पुरे जाहले. सूनबाई हटून बसल्या. "दिसली म्हणजे शाबूत असं नव्हे. लावून ऐकल्याशिवाय मी मोडणार नाही." केवढी ही परीक्षा! पंतांनी डोळे मिटून कळ दाबिली, आणि बाई बोलत्या जाहल्या:

"कैऱ्या आधी कोरड्या करायच्या. ओल राहिली की लोणचं गेलंच म्हणून समजा. अहो, लिहून घेताय ना, की नुसतेच बसलात?"

"लिहितोय गं, लिहितोय!" पंत उत्तरले, आणि मग त्यांस भान आले, आणि ते ढसढसा रडले. सासू कधी न पाहिलेल्या सूनबाईही डोळे टिपू लागल्या.

मग सुभा मोडला, परगणे मांडले, एक लिनक्सरावांस दिधला, दुसऱ्यात बाईंचा आवाज सुखरूप परत आणिला. येणेप्रमाणे दोन सरदार एका मुलुखात नांदते जाहले, आणि त्या साली बाईंच्या सांगण्याबरहुकूम घरात लोणचे घातले. कैऱ्या पंतांनी स्वहस्ते पुसल्या. इति.